सहनिवासाची अट : हार्वर्डच्या वसतिगृहांच्या इतिहासातील एक अध्याय

विद्यापीठांचे इतिहास बहुधा कुलप्रमुखांच्या कारकिर्दी, अभ्यासक्रमांतील फेरबदल आणि ग्रंथालयांची वाढ यांच्या आधारे लिहिले जातात. विद्यार्थी कोठे राहत होते, कोणाच्या शेजारी झोपत होते आणि कोणाच्या पंगतीला जेवत होते, हे प्रश्न अशा इतिहासांत तळटिपेपुरते उरतात. अमेरिकेतील निवासी महाविद्यालयांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकणारी आहे. घर सोडून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षी कोणती खोली द्यावी आणि त्या खोलीत त्याचा सोबती कोण असावा, हा निर्णय तेथे पुढे पुढे शिक्षणाचाच एक भाग मानला गेला. ज्या क्षणी तो तसा मानला गेला, त्या क्षणी खोलीचा प्रश्न सोयीचा राहिला नाही. तो न्यायाचा प्रश्न झाला. हे स्थित्यंतर हार्वर्ड विद्यापीठात १९१४ ते १९२३ या अवघ्या नऊ वर्षांत जितक्या स्पष्टपणे घडले, तितके अन्यत्र क्वचितच घडले असेल.

हार्वर्डची स्थापना १६३६ मधली. सामाजिक उतरंड या संस्थेला परकी कधीच नव्हती. अठराव्या शतकात तेथील विद्यार्थ्यांची नावे गुणानुक्रमे लावली जात नसत, वर्णानुक्रमेही लावली जात नसत. कुटुंबाच्या प्रतिष्ठेनुसार त्यांचा क्रम ठरे आणि त्या क्रमाप्रमाणे त्यांना मान मिळे. १७७० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत सोडून वर्णानुक्रम स्वीकारण्यात आला. नोंदवहीतून उतरंड गेली, तरी राहणीतून ती जाणे इतके सोपे नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्स विल्यम एलियट यांच्या हाती हार्वर्डची सूत्रे आली. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे ते अध्यक्षपदी होते. विद्यार्थ्याने आपले विषय आपणच निवडावेत, या तत्त्वाचे ते मोठे पुरस्कर्ते. विषयांच्या निवडीत त्यांनी जे स्वातंत्र्य दिले, तेच निवासाच्या बाबतीतही आपोआप लागू झाले. विद्यार्थ्याने कोठे राहावे हे त्याने आणि त्याच्या वडिलांच्या ऐपतीने ठरवावे, अशी स्थिती होती. विद्यापीठाची संख्या वाढत होती. ‘यार्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ प्रांगणातील जुनी वसतिगृहे अपुरी पडत होती आणि त्यांत सुखसोयींची वानवा होती. ही संधी खासगी बांधकाम करणाऱ्यांनी घेतली. माउंट ऑबर्न रस्त्याच्या परिसरात १८९० च्या दशकात क्लॅव्हर्ली हॉल, वेस्टमोर्ली कोर्ट यांसारख्या आलिशान इमारती उभ्या राहिल्या. बंदिस्त उष्णतेची व्यवस्था, स्वतंत्र स्नानगृहे, पोहण्याचे तलाव असा त्यांचा थाट होता. लोक त्या भागाला ‘गोल्ड कोस्ट’, म्हणजे सुवर्णकिनारा, म्हणू लागले.

या सुवर्णकिनाऱ्यावर राहणारे तरुण ठरावीक खर्चिक खासगी शाळांतून आलेले असत. तेथील मैत्रीच ते येथे घेऊन येत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९०० मध्ये हार्वर्डला आले तेव्हा वेस्टमोर्ली कोर्टात राहिले आणि त्यांचा खोलीतील सोबती होता त्यांच्याच ग्रोटन शाळेतला लॅथ्रॉप ब्राउन. यात गैर असे काही नव्हते. सर्वांचीच तशी रीत होती. परंतु या रीतीचा परिणाम असा, की एकाच वर्गात बसणारे दोन विद्यार्थी चार वर्षांत एकमेकांशी एक शब्दही न बोलता पदवीधर होऊ शकत. गरीब विद्यार्थी शहरात भाड्याची खोली शोधी, बॉस्टनमधला विद्यार्थी रोज घरून ये-जा करी, श्रीमंत विद्यार्थी आपल्या क्लबात जेवी. महाविद्यालय एक होते, विद्यार्थ्यांची जगे अनेक होती.

या मुक्त व्यवस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचे स्थान काय होते, हेही पाहिले पाहिजे. हार्वर्डमधून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी रिचर्ड ग्रीनर. त्यांना १८७० मध्ये पदवी मिळाली. त्यांच्यानंतर जे मोजके विद्यार्थी आले, त्यांना विद्यापीठाच्या वसतिगृहांत वा भोजनगृहात येण्यास वर्णाच्या कारणावरून औपचारिक मज्जाव नव्हता. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस १८८८ मध्ये हार्वर्डला आले आणि फ्लॅग रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहिले. विद्यार्थ्यांच्या सामाजिक जीवनापासून ते जाणीवपूर्वक दूर राहिले. त्यांचा स्नेह जुळला तो विल्यम जेम्स यांच्यासारख्या अध्यापकांशी. एलियट यांच्या व्यवस्थेने त्यांना काही दिले नाही आणि त्यांच्याकडून काही हिरावूनही घेतले नाही. उदासीनतेचा हा एक गुण मान्य करावा लागतो : ती कोणाला जवळ घेत नाही, तशीच कोणाला हाकलूनही लावत नाही.

ही उदासीनता ॲबट लॉरेन्स लोवेल यांना मान्य नव्हती. १९०९ मध्ये ते एलियट यांचे उत्तराधिकारी झाले. बॉस्टनच्या कापडगिरण्यांच्या संपत्तीवर आणि विद्याव्यासंगावर एकाच वेळी उभ्या असलेल्या लोवेल घराण्यातले ते होते. ज्योतिर्विद पर्सिव्हल लोवेल हे त्यांचे बंधू, कवयित्री एमी लोवेल ही भगिनी. स्वतः ॲबट लोवेल राज्यशास्त्राचे अभ्यासक होते. इंग्लंडच्या शासनव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील निवासी महाविद्यालयांचा आदर्श त्यांच्या मनात पक्का रुजलेला होता. ज्ञान वर्गात मिळते, पण माणूस घडतो तो सहवासात, ही त्यांची धारणा होती. हार्वर्डचे तुकडे पडले आहेत आणि ते सांधायचे असतील तर पहिल्या दिवसापासून, पहिल्या वर्षापासून आरंभ केला पाहिजे, असे त्यांनी अध्यक्षपद स्वीकारतानाच सांगितले.

त्यांच्या प्रयत्नांनी चार्ल्स नदीच्या काठी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी गोर, स्टँडिश आणि स्मिथ ही वसतिगृहे उभी राहिली. १९१४ च्या शरद ऋतूत ती उघडली. प्रत्येकाला स्वतःचे भोजनगृह आणि बैठकीची दालने होती. घरून ये-जा करणारे आणि विशेष परवानगी मिळालेले विद्यार्थी वगळता पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांनी तेथेच राहिले पाहिजे, तेथेच जेवले पाहिजे, असा नियम झाला. बँकमालकाचा मुलगा आणि दूरच्या राज्यातून शिष्यवृत्तीवर आलेला शेतकऱ्याचा मुलगा एका जिन्याने चढू-उतरू लागावेत, एका मेजावर जेवू लागावेत, हा त्यामागील हेतू होता. हेतू लोकशाहीचा होता, यात शंका नाही. सुवर्णकिनाऱ्याला त्यामुळे उतरती कळा लागली, हेही खरे. अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या इतिहासात या वसतिगृहांना मानाचे स्थान दिले जाते, ते वाजवीच आहे.

या व्यवस्थेचा दुसरा अर्थ मात्र हळूहळू उघड झाला. सर्वांनी एकत्र राहावे असा नियम ज्यांनी केला, त्यांनी ‘सर्व’ या शब्दात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला धरलेच नव्हते. तो नियम कोठे छापलेला नव्हता; प्रत्येक वेळी तो पत्राने किंवा भेटीत कळवला जाई. अशा विद्यार्थ्यांची संख्या एकेका वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असल्यामुळे काही वर्षे त्याचा बोभाटाही झाला नाही. १९२१ मध्ये न्यू बेडफर्ड येथील विल्यम नॉक्स या विद्यार्थ्याला स्टँडिश हॉलमध्ये खोली देण्यात आली. तो कृष्णवर्णीय आहे हे लक्षात येताच ती खोली परत घेण्यात आली. हाच तरुण पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पात त्याने काम केले.

ही गोष्ट माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. १९२२ मध्ये शंभराहून अधिक माजी विद्यार्थ्यांनी या धोरणाविरुद्ध विद्यापीठाकडे निवेदन दिले. निषेध करणाऱ्यांत मूरफील्ड स्टोरी हे वयोवृद्ध विधिज्ञ अग्रभागी होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष आणि हार्वर्डचेच पदवीधर. निवेदन देणारे बहुतेक लोक गोरे होते, ही बाब महत्त्वाची. त्यांच्या दृष्टीने प्रश्न दुसऱ्याच्या हक्काचा तर होताच, शिवाय आपल्या विद्यापीठाच्या चारित्र्याचाही होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस रोस्को कॉन्क्लिंग ब्रूस यांचे पत्र विद्यापीठात आले. ब्रूस हे १९०२ चे हार्वर्डचे सन्मानित पदवीधर; वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा बहुमान त्यांना मिळाला होता. त्यांचा मुलगा एक्सेटर येथील नामांकित शाळेत शिकत होता. पुढे तो हार्वर्डला येईल, तेव्हा प्रथमवर्ष वसतिगृहात त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी, एवढीच त्यांची मागणी होती.

या नावामागे एक इतिहास आहे. ब्रूस यांचे वडील ब्लांच ब्रूस जन्माने गुलाम होते. यादवी युद्धानंतर ते मिसिसिपी राज्यातून सिनेटवर निवडून आले आणि १८७५ ते १८८१ अशी पूर्ण मुदत सिनेटर राहिलेले पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ ठरले. शपथविधीच्या दिवशी नव्या सदस्याला त्याच्या राज्याच्या ज्येष्ठ सदस्याने सोबत करून आसनापर्यंत न्यावे, असा सिनेटचा शिष्टाचार होता. मिसिसिपीच्या ज्येष्ठ सदस्याने ते टाळले. ब्रूस एकटेच चालू लागले, तेव्हा न्यूयॉर्कचे सिनेटर रोस्को कॉन्क्लिंग पुढे आले आणि त्यांच्यासोबत चालत गेले. त्या उपकाराची आठवण म्हणून ब्रूस यांनी आपल्या मुलाचे नाव रोस्को कॉन्क्लिंग ठेवले. सोबत म्हणजे काय, ती नाकारली जाते तेव्हा काय होते आणि दिली जाते तेव्हा काय होते, हे ज्या माणसाच्या नावातच कोरलेले होते, त्याच्याकडून हार्वर्डला हे पत्र आले होते.

लोवेल यांनी १९२२ च्या डिसेंबरात उत्तर पाठवले. ते सभ्य भाषेत होते आणि त्यातील तर्क लक्षपूर्वक तपासण्याजोगा आहे. शिक्षणाची जी संधी गोऱ्या विद्यार्थ्याला, तीच कृष्णवर्णीयाला देणे हे विद्यापीठ आपले कर्तव्य मानते, असे त्यांनी म्हटले. मात्र दोघांना परस्परांस न रुचणाऱ्या सामाजिक संबंधांत सक्तीने ढकलणे हे त्या कर्तव्यात येत नाही. वसतिगृहात राहणे हे सक्तीचे आहे. म्हणूनच तेथे दोन वर्णांना एकत्र ठेवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या तर्कातील गोम सक्ती या शब्दात आहे. सहवास सक्तीचा केला होता तो लोवेल यांनीच. बॉस्टनच्या धनिकपुत्राला मेन राज्यातील सुताराच्या मुलासोबत जेवणे रुचते काय, असे १९१४ मध्ये कोणी विचारले नव्हते. उलट, त्याला ते रुचत नाही म्हणूनच ती सक्ती हितावह आहे, असे सांगितले गेले होते. न रुचणाऱ्या सहवासातूनच माणूस शिकतो, हा त्या योजनेचा पायाच होता. वर्णाचा प्रश्न येताच तोच पाया काढून घेण्यात आला. नावड ही वर्गाच्या बाबतीत दूर करण्याची गोष्ट होती, वर्णाच्या बाबतीत ती मान राखण्याची गोष्ट झाली.

दुसरी विसंगती याहून खोल आहे. शिक्षण आणि सामाजिक संबंध यांच्यामध्ये लोवेल यांनी आखलेली रेषा एलियट यांच्या काळात कदाचित टिकली असती. तेव्हा वर्ग विद्यापीठाचा होता आणि खोली ज्याची त्याची. परंतु सहनिवास हाच शिक्षणाचा गाभा, असे प्रतिपादन करून लोवेल यांनी ती रेषा स्वतःच पुसली होती. शिक्षण जर खोलीत आणि भोजनगृहात घडत असेल, तर तेथून वगळलेल्या विद्यार्थ्याला वर्गात बसण्याची मुभा देऊन समान संधी कशी दिली जाणार? सुधारणेने संस्थेची व्याप्ती वाढवली आणि त्याबरोबर बहिष्काराचीही व्याप्ती वाढली. एलियट यांच्या उदासीन व्यवस्थेत गरीब विद्यार्थी एकटा पडत होता. लोवेल यांच्या आस्थेवाईक व्यवस्थेत गरीब विद्यार्थ्याला जागा मिळाली आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची जागा गेली.

१९२३ च्या जानेवारीत हा पत्रव्यवहार वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला आणि देशभर चर्चा सुरू झाली. ‘द क्रायसिस’ या मासिकाचे संपादक या नात्याने दु बॉइस यांनी आपल्या जुन्या विद्यापीठाला जाब विचारला. याच सुमारास हार्वर्डमध्ये दुसरा एक वाद पेटला होता. विद्यार्थ्यांतील ज्यूंचे प्रमाण १९०० मध्ये सुमारे ७ टक्के होते, ते १९२२ पर्यंत सुमारे २१ टक्क्यांवर गेले होते. त्याला मर्यादा घालावी, अशी लोवेल यांची इच्छा होती. नव्वदीकडे झुकलेल्या एलियट यांनी या मर्यादेला उघड विरोध केला. दोन्ही वाद वरवर भिन्न असले तरी एका मुळातून आले होते. विद्यापीठ हे एकजिनसी कुटुंब व्हावे, अशी ज्याची मनीषा असते, त्याला कुटुंबात कोण आणि बाहेर कोण, हे ठरवावेच लागते.

एप्रिल १९२३ मध्ये हार्वर्डच्या पर्यवेक्षक मंडळाने निर्णय दिला. केवळ वर्णाच्या कारणावरून कोणत्याही विद्यार्थ्याला प्रथमवर्ष वसतिगृहातून वगळता येणार नाही, असे ठरले. लोवेल यांचा पराभव झाला. परंतु त्याच ठरावात आणखी एक वाक्य होते : गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र राहण्याची व जेवण्याची सक्ती केली जाणार नाही. दाराला कुलूप राहिले नाही, पण खोल्यांमधली भिंत राहिली. इमारतीत प्रवेश हा हक्क झाला, खोलीतील सोबत ही मर्जीची बाब राहिली. यापुढे बहिष्काराला नियमाची गरज उरली नाही. खोल्यांच्या वाटपाचे काम करणाऱ्या कारकुनाची यादी पुरेशी होती. १९२० च्या दशकातच प्रवेशाच्या निकषांत चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व यांना स्थान मिळाले आणि अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. गुणपत्रिकेवर जे दिसत नाही, ते छायाचित्रात दिसते.

मराठी वाचकाला या इतिहासात काही ओळखीची माणसे भेटतात. धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी प्रथम हार्वर्डला गेले. १९१८ मध्ये ते पुन्हा गेले तेव्हा गोव्यात जन्मलेला त्यांचा मुलगा दामोदर त्यांच्यासोबत होता. त्याचे शालेय शिक्षण त्याच केंब्रिज गावात झाले आणि १९२४ मध्ये, म्हणजे पर्यवेक्षक मंडळाच्या ठरावानंतर एका वर्षाने, तो हार्वर्डमध्ये दाखल झाला. १९२९ मध्ये तो उच्च सन्मानासह पदवीधर झाला. भारतीय समाजाच्या इतिहासाकडे पाहण्याची नवी दृष्टी पुढे दामोदर कोसंबी यांनी दिली. त्यांच्या जडणघडणीच्या काळातील हार्वर्ड हे असे होते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी जुळलेला धागा अधिक बळकट आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव रामजी आंबेडकर १९१३ च्या जुलैत तेथे पोहोचले. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते. आरंभी काही दिवस ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत त्यांचे वास्तव्य झाले. हा खोलीतला सोबती त्यांचा आयुष्यभराचा मित्र ठरला. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी आंबेडकर लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी त्यांना आर्थिक साहाय्य केले. परदेशातील या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. ती जाणीव परत आली १९१७ मध्ये, बडोद्यात. तेथे त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले आणि ते उघडकीस येताच लाठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये एका पारशाने दिलेली सोबत आणि बडोद्यात पारशांनी नाकारलेला आसरा, या दोन गोष्टींत फार तर चार वर्षांचे अंतर आहे. धर्म तोच, माणसेही एकाच समाजातली. फरक होता तो परिस्थितीचा : एकीकडे दोन तरुण एका छपराखाली समान पायरीवर भेटले होते, दुसरीकडे जातीची ओळख माणसाच्या आधी पोहोचली होती. १९२४ मध्ये आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या पहिल्या कामांत सोलापूर येथे जानेवारी १९२५ मध्ये उघडलेले विद्यार्थी वसतिगृह होते, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटते.

कोलंबियाच्या या चित्राला काळी किनारही आहे. १९२४ च्या एप्रिलमध्ये तेथील फर्नाल्ड हॉलमध्ये एक कृष्णवर्णीय विधी-विद्यार्थी राहत आहे, या रागापोटी विद्यापीठाच्या मैदानावर क्रूस जाळण्यात आला. कू क्लक्स क्लॅन या संघटनेच्या दहशतीची ती खूण होती. विद्यापीठाने त्या विद्यार्थ्याला हलवण्यास नकार दिला आणि तो तेथेच राहिला. ज्या प्रांगणाने दहा वर्षांपूर्वी एका भारतीय विद्यार्थ्याला त्याची अस्पृश्यता विसरायला लावली होती, ते आपल्याच देशातील नागरिकाला त्याचा वर्ण विसरू देत नव्हते. परक्याच्या वाट्याला कधी कधी जे औदार्य येते, ते घरच्याच्या वाट्याला येतेच असे नाही.

लोवेल यांच्या तर्काला कायद्याचे उत्तर मिळण्यास १९५० साल उजाडावे लागले. ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या प्रौढ कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला न्यायालयाच्या आदेशामुळे प्रवेश दिला होता. मात्र वर्गात, ग्रंथालयात आणि भोजनगृहात त्याचे आसन वेगळे ठेवले होते. शिकवणारे तेच, पुस्तके तीच, केवळ बसण्याची जागा निराळी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. सहाध्यायांशी चर्चा करणे, त्यांच्याशी विचारांची देवाणघेवाण करणे हा शिक्षणाचाच भाग आहे आणि त्यात आडकाठी आणणे म्हणजे शिक्षणात उणेपणा आणणे होय, असा त्या निकालाचा आशय होता. सहवासातून माणूस घडतो, हे लोवेल यांचेच तत्त्व न्यायालयाने त्यांच्या निष्कर्षाविरुद्ध वापरले, असे म्हणता येईल.

निकाल लागला म्हणून खोलीत सोबती मिळतोच असे नाही. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांनी मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेतला, तेव्हा झालेल्या दंगलीत दोन जण ठार झाले. मेरेडिथ यांना बॅक्स्टर हॉलमध्ये जागा मिळाली. तेथे त्यांची सोबत करायला होते ते केंद्र सरकारचे सशस्त्र मार्शल. ब्लांच ब्रूस यांना ज्या राज्याने सिनेटवर पाठवले होते, त्याच राज्यात, सत्त्याऐंशी वर्षांनी, एका विद्यार्थ्याच्या खोलीवर पहारा बसवावा लागला.

हार्वर्डमध्ये दरम्यान निवासाची रचना बदलली. एडवर्ड हार्कनेस यांच्या प्रचंड देणगीतून १९३० पासून ‘हाउस’ या नावाची निवासी संकुले सुरू झाली. नदीकाठची जुनी प्रथमवर्ष वसतिगृहे त्यांत सामावली गेली आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी १९३१ पासून यार्डात राहू लागले. संकुलांचे प्रमुख आपापले विद्यार्थी निवडत, पुढे विद्यार्थी पसंतीक्रम देऊ लागले. दोन्ही पद्धतींत व्हायचे ते झाले : एक संकुल खासगी शाळांतून आलेल्यांचे, एक खेळाडूंचे, एक कलावंतांचे, अशी त्यांची ओळख ठरून गेली. अखेर १९९६ पासून संकुलांचे वाटप चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने होऊ लागले. विद्यार्थ्यांनी विरोध केला. अल्पसंख्य विद्यार्थ्यांपैकी काहींचे म्हणणे होते, की एकत्र राहण्यात त्यांना जो आधार मिळतो तो यामुळे हरपेल. या म्हणण्यात तथ्य होते आणि आहे. बहिष्कारातून आलेला वेगळेपणा आणि आधारासाठी पत्करलेला वेगळेपणा बाहेरून सारखे दिसतात, पण त्यांची जातकुळी एक नाही.

निर्णय विद्यापीठाने घेतला तरी घरांतील मने वेगळ्या गतीने बदलतात. १९८१ मध्ये मिशेल रॉबिन्सन ही शिकागोची तरुणी प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाली. पुढे जग तिला मिशेल ओबामा म्हणून ओळखू लागले. तिच्या खोलीतील एका गोऱ्या मुलीच्या आईने, आपल्या मुलीची सोबतीण कृष्णवर्णीय आहे हे कळताच, खोली बदलून मिळावी म्हणून खटपट केली. २००८ मध्ये त्या मायलेकींनी ही हकीकत स्वतःच एका वृत्तपत्राला सांगितली आणि झाल्या गोष्टीबद्दल खंत व्यक्त केली. सत्तावीस वर्षांनी का होईना, ती खंत उघडपणे बोलून दाखवण्याइतका काळ बदलला होता.

यदृच्छेने केलेल्या वाटपाने संशोधकांना एक दुर्मीळ साधन मिळवून दिले. मित्र आपण निवडतो, त्यामुळे मित्राचा आपल्यावर परिणाम झाला की आपल्यासारखाच मित्र आपण निवडला, हे सांगणे कठीण असते. नशिबाने वाट्याला आलेल्या सोबत्याबाबत ही अडचण नसते. डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांवरील ब्रूस सॅसरडोट यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. खोलीतील सोबत्याचा परिणाम विद्यार्थ्याच्या गुणांवर आणि क्लबांत सामील होण्याच्या निर्णयावर होतो, मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र होत नाही, असे त्यात आढळले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्या गोऱ्या विद्यार्थ्यांना योगायोगाने कृष्णवर्णीय सोबती मिळाला होता, त्यांचा प्रवेशातील सकारात्मक कृतीच्या धोरणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक अनुकूल झाल्याचे दिसले. २००८ मधील आणखी एका अभ्यासाचा निष्कर्ष विशेष बोलका आहे. भिन्न वर्णांच्या सोबत्यांना एकमेकांचा सहवास तितकासा सुखाचा वाटला नाही, ते एकत्र वेळही कमी घालवत. तरीसुद्धा काही महिन्यांत त्यांच्या मनातील नकळत वसलेला पूर्वग्रह कमी झाला.

लोवेल यांनी सांगितलेली अवघडलेपणाची गोष्ट, म्हणजे, अगदीच काल्पनिक नव्हती. चूक होती ती त्या अवघडलेपणाला अखेरचा शब्द मानण्यात. दोन अपरिचित माणसे एका खोलीत आली की अवघडतात. दिवा कधी मालवायचा, खिडकी उघडी ठेवायची की बंद, पाहुण्याला किती वेळ बसू द्यायचे, अशा बारीकसारीक तडजोडींतून त्यांना एकमेकांची सवय होते. या तडजोडींना तत्त्वज्ञानाची भाषा नसते. परंतु परक्या माणसाला आपल्यासारखाच माणूस मानण्याची पहिली तालीम कित्येकदा तेथेच होते.

२०१८ मध्ये ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपला सोबती आपण निवडण्यास बंदी केली. समाजमाध्यमांवरून आधीच ओळख काढून विद्यार्थी आपल्याच आर्थिक स्तरातले, आपल्याच धाटणीचे सोबती निवडू लागले होते, हे त्यामागील कारण होते. एका परीने हा सुवर्णकिनारा नव्या रूपाने परत येत होता आणि विद्यापीठाला पुन्हा १९१४ च्या प्रश्नापाशी यावे लागले होते. सहनिवासाची अट घालण्याचा अधिकार संस्थेला आहे काय? हार्वर्डच्या या अध्यायावरून त्याचे उत्तर एवढेच देता येते, की तो अधिकार जी संस्था घेते, तिने तो सर्वांच्या बाबतीत सारखा चालवला पाहिजे. ज्याला आपण वर्गात घेतो, त्याला भोजनगृहाच्या आणि निजायच्या खोलीच्या दारापाशी थांबवता येत नाही. १९२३ चा ठराव दारापर्यंत आला आणि उंबरठ्यावर थांबला. तो उंबरठा ओलांडण्याचे काम नंतरच्या अनेक पिढ्यांतील, बहुतांशी अनामिक राहिलेल्या विद्यार्थ्यांनी केले. त्यांची नावे विद्यापीठांच्या इतिहासात आढळत नाहीत. खोल्यांच्या वाटपाच्या जुन्या याद्यांत मात्र ती जोडीजोडीने लिहिलेली असतात.